माणसं सगळी समान, मग बैल कुठे उभा राहतो?

केतकी_स

गेल्या रविवारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. कुणाशी तरी नीट बोलायला हवं म्हणून हा धागा काढते आहे.

मी सातारा जिल्ह्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. सोळा वर्षं झाली. गावात आमचा वाचनकट्टा आहे, महिन्यातून एकदा जमतो. या वेळी विषय होता प्राण्यांचे हक्क. कॉलेजातला एक मुलगा बोलायला उभा राहिला. मनापासून बोलणारा मुलगा आहे, दूधसुद्धा सोडलंय त्याने. त्याचं म्हणणं असं: माणूस प्राण्यांपेक्षा मोठा आहे, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? तो विचार करतो, बोलतो, उद्याचे बेत आखतो म्हणून? मग ज्या माणसांना यातलं काहीच जमत नाही त्यांचं काय? तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसापेक्षा एखाद्या कुत्र्याला जास्त समजतं. तरी आपण औषधांचे प्रयोग कुत्र्यावर करतो, त्या माणसावर करत नाही. म्हणजे खरं कारण बुद्धी नाहीच. "तो आपल्यातला आहे" एवढंच कारण आहे. आणि "आपल्यातला" या एका शब्दावर तर जातिभेद उभा राहिला, वर्णभेद उभा राहिला.

सगळे गप्प झाले. मीही. घरी येताना मात्र डोळ्यांसमोर सारखा बाळू येत होता (नाव बदललंय).

बाळू एकोणीस वर्षांचा आहे. बोलत नाही. एक आणि दोन यांतला फरक आम्ही सहा वर्षं शिकवला, तो त्याच्याकडे राहिला नाही. पण शाळेच्या व्हरांड्यात कोण आलं ते तो चपलांच्या आवाजावरून ओळखतो. माझी चप्पल वाजली की भिंतीकडे तोंड करून बसलेला असला तरी हात वर करतो. शाळेत एक मांजर येते. तिच्यासाठी तो पोळीचा मधला, मऊ भाग काढून ठेवतो आणि कडा स्वतः खातो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मला प्राण्यांबद्दल कळवळा नाही असं कुणी समजू नये. आमच्या घरी म्हशी होत्या, आणि व्यालेल्या म्हशीचं पारडू नेलं की ती कशी हंबरते हे मी लहानपणापासून ऐकलंय. त्या मुलाचा हेतूही मला कळतो. बाळूला खाली आणावं असं त्याला वाटत नव्हतं, कुत्र्याला वर आणायचं होतं. पण कुत्र्याला वर चढवायला त्याने जी पायरी वापरली, ती माझ्या बाळूची पाठ होती.

म्हणून दोन प्रश्न. सगळी माणसं समान आहेत, असं आपण म्हणतो ते नेमकं कशामुळे? आणि त्याचं उत्तर देताना जनावराच्या दुःखाकडे पाठ फिरवावीच लागते का?

निशिगंध

केतकीताई, मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलंय आणि हा युक्तिवाद माझ्या जवळचा आहे. म्हणून त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडते.

याचं मूळ जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञापर्यंत जातं. १७८९ साली छापलेल्या एका तळटीपेत त्याने विचारलं की प्राणी विचार करतात का, बोलतात का, हा प्रश्नच नव्हे. त्यांना यातना होतात का, हा प्रश्न आहे. विशेष म्हणजे त्याच तळटीपेत तो गुलामांबद्दलही बोलतो. कातडी काळी आहे म्हणून माणसाला छळणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, मग पायांच्या संख्येवरून तरी कसं सोडता येईल, असा त्याचा ओघ आहे. पुढे १९७० मध्ये रिचर्ड रायडर या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने वंशवाद या शब्दाच्या धर्तीवर एक शब्द घडवला. त्याला आपण प्रजातिवाद म्हणू, म्हणजे केवळ प्रजाती वेगळी म्हणून केलेला भेद. १९७५ साली तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्या पुस्तकाने तो जगभर नेला.

सिंगर यांचं समानतेबद्दलचं म्हणणं पुष्कळदा चुकीचं सांगितलं जातं. माणसं प्रत्यक्षात समान आहेत असं ते म्हणतच नाहीत. उंची, ताकद, बुद्धी, सगळ्यांत फरक आहेत. समानता म्हणजे माणसांचं वर्णन नाही, आपण कसं वागावं याबद्दलची ती आज्ञा आहे. ज्याला दुखतं त्याचं दुखणं, तो कोण आहे हे न बघता, तेवढंच मोजायचं. एकदा हे मानलं की कुंपण माणसापाशीच का थांबवायचं, याला उत्तर सापडत नाही. समान मोजणं म्हणजे समान वागणूकही नव्हे. कुत्र्याला मतदानाचा हक्क कुणी मागत नाही.

तुम्ही म्हणता ती पायरी मला कधी दिसली नव्हती. पण युक्तिवादातली चूक नेमकी कुठे आहे, हेही दाखवायला हवं. मन दुखावलं हे उत्तर होऊ शकत नाही, आणि हे मी आदराने म्हणते आहे.

सोहमची_आई

निशिगंध, चूक दाखवायचा प्रयत्न करते. माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे, त्यामुळे या सिंगरसाहेबांना मी वाचलंय, वाचावं लागलं.

त्यांनी दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट मोजली आहे. स्वतःची जाणीव, भविष्याची इच्छा. ती ज्याला नाही त्याला मारणं कमी वाईट, असं ते मांडतात. आणि तिथून पुढे जाऊन, गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळाचं जीवन संपवण्याची मुभा आईवडिलांना असावी, इथवर येतात. म्हणजे कुत्रा वर चढतो आणि माझं मूल पायरी उतरतं. केतकीताईंना जे जाणवलं ती निव्वळ भावना नाही. युक्तिवाद खरोखरच तिथे पोचतो.

अमेरिकेत हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन नावाची वकील होती. जन्मापासून स्नायूंचा आजार, कायम चाकाच्या खुर्चीत. ती सिंगर यांच्याशी वाद घालायला त्यांच्या प्रिन्स्टन विद्यापीठात गेली आणि २००३ मध्ये त्यावर तिने मोठा लेख लिहिला. त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. जेवताना तिचा कोपर घसरला, तेव्हा तो नीट ठेवायला तिने शेजारी बसलेल्या सिंगर यांनाच सांगितलं, आणि त्यांनी तो ठेवला. अशा बाळांचं आयुष्य कमी प्रतीचं ठरेल असं मानणारा माणूस, आणि ज्या आयुष्याबद्दल तो बोलत होता ते आयुष्य, दोघं एका टेबलावर.

अपंग माणसाला किती सुख मिळतं याचा अंदाज बाहेरून बांधणारे बहुतेक वेळा चुकतात. माझ्या मुलाला बघून लोक हळहळतात. तो मात्र रोज सकाळी खिडकीत कावळा आला की हसतो.

बांधावरचा

ताई, मी बीड जिल्ह्यातला. दहावी झालेला. बायको आन मी सोळा हंगाम ऊस तोडला, गाडीसेंटरला. ज्यांना म्हाईत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. बैलगाडी घेऊन तोडणीला जाणारे ते गाडीसेंटरवाले. दसरा झाला की निघायचं, कारखान्याच्या तळावर खोप टाकायची, उन्हाळा तोंडावर आला की परत.

तुमचं पुस्तकातलं मला सगळं समजलं नाही, पन बैलाचं समजतं. माझ्याकडं दोन खिलार होते. पहाटं तीनला उठून फडात जायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीपतुर आनायच्या, मी गाडी भरायची. मग कारखान्यावर वजनाच्या रांगेत. कधी कधी रातभर गाडी खाली होत नाही. बैल जू उतरवून तिथंच उभा. पैसा टनावर मिळतो. जेवढं टन तेवढा पैसा, आन उचल तर आधीच घेऊन खाल्लेली. म्हनून गाडी वाजवीपेक्षा जास्त भरतोच मानूस. चढावर बैल गुडघ्यावर येतो. मी मारलंय त्याला. खोटं कशाला बोलू? आन मारून झाल्यावर रातच्याला त्याच्या खांद्याला हळद-तेल लावलंय.

पाचव्या हंगामात बायको सात महिन्यांची होती, तरी मोळी उचलत व्हती. मुकादमाला म्हनलं आठ दिस सोड, तर म्हनला खाडा लागंल. उजव्या बैलाच्या खांद्याला जखम झाली तवा मात्र कुनीतरी येऊन मला म्हनलं, आरं जनावराला जू लावू नको, गुन्हा हाय. खरंच बोलला तो. पन बायकोच्या पोटाकडं बघून कुनी म्हनलं नाही की गुन्हा हाय.

ह्यात बैलाचा काय दोष? काहीच नाही. मला एवढंच इचारायचं, दोघं एकाच गाडीला जुंपलेले असताना तुमी त्यांची तुलना का करता?

कलम_एकवीस

बांधावरचे दादा, तुम्ही लिहिलंय ते वाचून कायद्याचं पुस्तक उघडलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला लागून एक गोष्ट सांगते.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये नियम झाले. त्यांत असं लिहिलंय: जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात जुंपू नये. वजनाची मर्यादाही घातली आहे.

म्हणजे कागदावर बैलाला दुपारची सुट्टी आहे. त्याच फडात मोळी वाहणाऱ्या बाईला मुकादम आणि टनाचा भाव या पद्धतीत ती सुट्टी कुणी दिलेली नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. पाळी आली की खाडा होतो, खाड्याचा दंड बसतो, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं.

पण यावरून "बघा, जनावरांचे लाड आणि माणसांचे हाल" असं कुणी म्हणणार असेल तर तेही खरं नाही. तो बैलाचा नियमही कुठल्या फडात पाळला जात नाही. आणि मोडला तर? १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेव्हाचा आकडा अजून तसाच आहे.

आता हक्कांबद्दल. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू हा तमिळनाडूतला बैलांचा खेळ आणि आपल्या बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला "जीवन" हा शब्द प्राण्यांपर्यंत नेला होता. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, हे खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी राज्यांनी कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानण्याइतका आधार दिसत नाही, अशी भूमिका घेतली. नऊ वर्षांत बैल हक्कदार झाला आणि परत कायद्याच्या दयेवर आला. दोन्ही वेळा तो स्वतः काही बोलू शकला नाही.

न बोलू शकणाऱ्याच्या वतीने कोण बोलणार, यातच मला केतकीताईंच्या प्रश्नाचं एक टोक दिसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी पालक नेमायची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यापुढे जाऊन मर्यादित पालकत्व आणलं. पालकाने एकट्याने ठरवायचं नाही, त्या व्यक्तीबरोबर मिळून, तिची इच्छा समजून घेऊन ठरवायचं. बाळू आणि कुत्रा यांच्यातला फरक बुद्धीच्या मापात शोधू नका, या कायद्यात शोधा. बाळूचं भलं करा, एवढं सांगून कायदा थांबत नाही. त्याला काय हवंय ते विचारा, असं सांगतो.

सावित्रीकाठ

मी महाडची. हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

ज्यांची जनावराशी तुलना कधी झालीच नाही त्यांना हा युक्तिवाद नुसता युक्तिवाद वाटतो. आमच्याकडे ती तुलना तळ्याच्या पायऱ्यांवर झाली. चवदार तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, कुत्री पीत, आणि माझ्या पणजोबांना ते पाणी वर्ज्य होतं. कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, तरी कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर तळं "शुद्ध" करायला काय घातलं? शेण, गोमूत्र, दूध, दही. १०८ घागरी पाणी काढून, मंत्र म्हणून, पंचगव्य तळ्यात ओतलं. माणसाच्या हाताने बाटलेलं पाणी जनावराच्या मुताने शुद्ध झालं. ही माझ्या गावची गोष्ट आहे. उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

१९३१ साली मुंबईत बाबासाहेब गांधीजींना भेटले तेव्हा म्हणाले की जिथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागवलं जातं, पिण्याचं पाणीही मिळत नाही, त्या देशाला माझा देश कसा म्हणू? त्या वाक्यात कुत्र्याबद्दल राग नाही. माणूस म्हणून मोजलं जावं, एवढी मागणी आहे.

आणि हे जुनं झालं असं नाही. २००२ मध्ये हरियाणात झज्जरजवळ दुलिना इथे पाच दलितांना जमावाने मारलं, गाईच्या कातड्यावरून. २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली ढोरं उचलणंच बंद केलं. हेच बाबासाहेबांनी महाडला सांगितलं होतं: मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका.

म्हणून प्राण्यांचे हक्क हा शब्द ऐकला की माझ्या पोटात आधी गोळा येतो. तो शब्द कुणाच्या हातात आहे, हे मला आधी बघावं लागतं. निशिगंध, तुमच्या हातात असेल तर मी ऐकेन.

पैठणची_लेक

सावित्रीकाठ, बाई, तुमचं वाचून काही क्षण सुचलं नाही.

माझं वय सत्याहत्तर. आमच्या घरात नाथषष्ठीला दोन गोष्टी सांगत, नेहमी एकापाठोपाठ एक. काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची होती, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. आणि दुसरी, भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात महाराचं मूल रडत होतं, नाथांनी ते कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. आजी सांगायची तेव्हा गाढव आधी की मूल आधी, असं आम्हा पोरांना कधी वाटलं नाही. दोघांना भाजत होतं.

सावित्रीकाठ

आजी, गोष्ट सुंदर आहे आणि तुम्ही ती प्रेमाने सांगितलीत. एकच जोडते. गाढवाला तहान लागली होती ती उन्हाने. मूल वाळवंटात एकटं, अनवाणी होतं आणि वाटेवरचा कुणी त्याला शिवत नव्हता, ते माणसांनी केलेल्या नियमाने. गाढवाला पाणी पाजलं की काम संपतं. मुलाला उचलून संपत नाही, नियम मोडावा लागतो. करुणा आणि समानता यांच्यात हे एवढं अंतर आहे.

पशुवैद्य_विदर्भ

सरकारी दवाखान्यात वीस वर्षं आहे. तत्त्वज्ञान येत नाही, टेबलावरचं सांगतो.

जनावराला दुखतं, यात शंका घेण्यासारखं काही नाही. गोऱ्ह्याचं खच्चीकरण चिमट्याने करतात, पुष्कळ ठिकाणी भूल न देता. १९६० च्या कायद्याने ठरलेल्या पद्धतीचं खच्चीकरण आणि डागणी क्रूरतेतून वगळली आहे. त्या वेळी गोऱ्हा जो श्वास धरतो तो मी हाताखाली अनुभवलाय. आता मी भूल दिल्याशिवाय करत नाही, औषध नसेल तर शेतकऱ्याला परत पाठवतो.

दुसरं, कुत्र्यांचं. "कुत्रा की माणूस" असा वाद सुरू झाला की मला रेबीज आठवतो. लक्षणं दिसू लागली की माणूस काय, कुत्रा काय, वाचणं जवळपास अशक्य. मी ते दोन्ही पाहिलंय. बळींत लहान मुलं फार असतात, आणि ती बहुतेक उघड्यावर खेळणारी, कचऱ्याच्या कडेने राहणारी. फाटकाच्या आत राहून कुत्र्यांना खाऊ घालणारे वेगळे, आणि पहाटे कचरा वेचताना चावा खाणारी वेगळी. हा अन्याय खरा आहे, तो कुत्राप्रेमींनी नाकारू नये. पण उपाय बघा: गावातली बहुसंख्य कुत्री लसवंत झाली की माणसांतला रेबीज हटतो. कुत्र्याला सुई टोचली की मूल वाचतं. इथे दोघांचं हित एकाच बाजूला आहे, आणि आपण त्यांना समोरासमोर उभं करून भांडत बसतो.

निशिगंध

सगळ्यांचं वाचलं. सावित्रीकाठ, तुम्ही ऐकेन म्हणालात, आभार. माझं मत काही बाबतींत बदललंय, ते सांगते, आणि एका बाबतीत नाही, तेही सांगते.

बदललं ते असं. १७९२ मध्ये इंग्लंडात मेरी वूलस्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांची मागणी केली तेव्हा थॉमस टेलर नावाच्या पंडिताने तिच्या विरोधात पशूंच्या हक्कांचं समर्थन लिहिलं. स्त्रियांना हक्क दिले तर उद्या जनावरांनाही द्यावे लागतील, म्हणजे मूळ मागणीच वेडगळ, असं त्याला दाखवायचं होतं. आमच्या वर्गात हे सांगताना सर म्हणायचे, बघा, टेलर चुकून खरं बोलून गेला. आज वाटतं, त्या पुस्तकाने स्त्रियांचं काय झालं ते आम्ही विचारलंच नाही. माणसाला जनावराशेजारी उभं करून केलेला कुठलाही युक्तिवाद आधी त्या माणसाकडून काहीतरी घेतो. बाळूचं उदाहरण मी पुन्हा वापरणार नाही. त्याची गरजही नाही, कारण बेंथमचा प्रश्न बाळूशिवाय पूर्ण उभा राहतो. गोऱ्ह्याला दुखतं, पुरे.

न बदललेलं. इथे सगळे हळूहळू करुणेवर येऊन थांबताहेत आणि करुणा स्वस्त असते. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबडीला ए-फोर कागदापेक्षा कमी जागा मिळते. ती पंख पसरू शकत नाही. विधी आयोगाने २०१७ मध्ये २६९ व्या अहवालात या पिंजऱ्यांवर लिहिलं. अंड्यांच्या जातीत जन्मलेली नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात, कारण ती अंडी देणार नाहीत. तिला दया नको आहे, तिला ते पिंजरे बंद व्हायला हवेत. हे हक्काच्या भाषेशिवाय कसं मागायचं? केतकीताई, तुमच्या शाळेत अंडं देतात का?

केतकी_स

देतो. तू विचारलंस ते बरं केलंस, याचं उत्तर मला टाळायचं नाही.

राज्यात २०२३ च्या नोव्हेंबरपासून शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. ज्यांनी अंड्याला विरोध केला त्यांच्यातले किती जण कोंबडीच्या पिंजऱ्याबद्दल बोलले? मला तरी कुणी दिसलं नाही. अंडं गेलं, पिंजरा आहे तिथेच आहे. आमच्याकडे आता एक जुना विद्यार्थी पालकाबरोबर गावरान कोंबड्या पाळतो, त्याच्याकडून घेतो. महाग पडतं, आठवड्याला एकच परवडतं. आमच्या मुलांत निम्मी वजनाला कमी आहेत. ते एक अंडं मी कुठल्याही युक्तिवादासाठी काढून घेणार नाही. आणि पिंजऱ्यांवर बंदी यावी म्हणून तू अर्ज लिहिलास तर पहिली सही माझी असेल, मग अंडं आणखी महाग झालं तरी. ती वाढलेली किंमत माझ्या मुलांच्या ताटातून न घेता सरकारने भरावी, एवढं त्या अर्जात लिही.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं जे उत्तर मला मिळालंय ते सावित्रीकाठ यांच्या तळ्यावर मिळालं. तळ्यावर कुणी परीक्षा घेतली नव्हती. बाबासाहेबांची विद्वत्ता त्या दिवशी उपयोगी पडली नाही, आणि त्यांच्यामागे जे हजारो आले त्यांत निरक्षर होते, म्हातारे होते, एखादा बाळूही असेलच. पाण्यावरचा हक्क प्रत्येकाचा सारखा होता. तो अमुक एक येतं म्हणून मिळालेला नव्हता. त्या कट्ट्यावरच्या मुलाने विचारलं, बुद्धी नाही तर मग कशाच्या जोरावर? मी त्याला आता सांगेन, जोर लागतच नाही. "जोर दाखव मग समान म्हणतो" इथेच खोट आहे. आणि जिथे जोर विचारायचा नसतो, तिथे बैलालाही तुझ्यात काय खास आहे असं विचारून मग त्याच्या खांद्यावरची जखम बघायची नसते. समान माणूस म्हणून वागवणं आणि जनावराला यातना न देणं, ही दोन वेगळी देणी आहेत. एकाच्या वहीतून दुसरं फेडता येत नाही. सोहमच्या आई, तुमच्याशी फोनवर बोलायला आवडेल. कळवा.

कट्ट्याची पुढची बैठक मी आमच्या शाळेत घ्यायला सांगितली आहे. तो मुलगा येणार आहे.

बांधावरचा

कलम एकवीस ताईंनी ते ३७ अंशांचं लिहिलं ते मी कागदावर उतरवून घेतलं आन काल आमच्या मुकादमाला वाचून दाखवलं. बैठकीत पंधरा-सोळा कोयते बसले व्हते. मुकादम म्हनला, असा नियम असंल तर दुपारच्याला गाड्या सुटतील, कारखाना मला फाडून खाईल. मग एक म्हातारी, जिनं चाळीस हंगाम केलेत, ती म्हनली, बैल सुटला तर मोळी नेऊन टाकायची कुठं? म्हंजी आमीबी बसनारच की सावलीला.

ताई, ते नियमाचं पूर्ण मराठीतून इथं टाकता का? नंबरासहित. हंगाम सुरू व्हायच्या आत पायजे.